ऋताचं एक मिनिट

जून लागला की ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये सकाळपासूनच हवा अंगाला चिकटायला लागते. दार उघडून बाहेर पाऊल टाकावं तर आधी चष्म्याच्या काचा धुकटतात, आणि त्या पुसल्यावर मग अंगण दिसतं. क्रेप मर्टलला गुलाबी फुलोरा आलेला असतो, ओकच्या झाडावर किडे एका सुरात करवत चालवल्यासारखे ओरडत असतात. रेडिओवर वादळांचा मोसम सुरू झाल्याची सूचना येते. पाणी भरून ठेवा, बॅटऱ्या आणून ठेवा, गाडीची टाकी भरलेली ठेवा. मी हे सगळं करते. करून झाल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. फ्रिज उघडते आणि काही न घेता बंद करते. धुतलेले कपडे घडी घालता घालता अर्धे तसेच टाकून मागच्या दारी जाऊन उभी राहते.

"बस की जरा," शिरीष म्हणतो. "काय शोधतेयस?"

मला सांगता येत नाही. पण हे माझं असं व्हायला लागलं ते एका उन्हाळ्यापासून, आणि दर जूनला या चिकट हवेबरोबर तो उन्हाळा घरात शिरतो.

शिरीष माझा नवरा. सांगलीचा. मी नागपूरची. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला ह्यूस्टनच्या उन्हाचं काय, असं मी लग्नानंतर इथे येताना म्हटलं होतं. पण ते ऊन कोरडं होतं, खरं बोलणारं. इथलं ऊन ओल्या टॉवेलसारखं तोंडावर पडतं. शिरीषने सगळी नोकरी नैसर्गिक गॅसच्या पाइपलाइनवर केली. पाइपलाइनमधला गॅस पुढे ढकलायला वाटेत ठिकठिकाणी मोठमोठे कॉम्प्रेसर बसवलेले असतात, ती त्याची यंत्रं. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. आणि ऋता आमची एकुलती एक मुलगी. शुगर लँडमध्ये वाढली, शाळेत तिची 'रूटा' झाली. पुढे शिकायला पोर्तुगालला गेली, तिथल्या दुआर्तशी लग्न केलं, तिथली नागरिक झाली, तिथे तिच्या नावाचा 'र' लोक घशातून काढायला लागले. आणि एक दिवस फोन करून म्हणाली, "आई, मी निवडणुकीला उभी राहतेय."

निवडून आलीसुद्धा. युरोपातल्या अनेक देशांची मिळून जी संसद आहे, तिच्यात ती पोर्तुगालकडून गेली.

नागपूरच्या माझ्या मावशीला हे समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. "म्हणजे खासदार?" "हो, पण एका देशाची नाही." "मग कुठली?" "सगळ्यांची मिळून." "आणि जन्म अमेरिकेतला?" "हो." मग मावशीने तो नाद सोडला आणि म्हणाली, "जेवते का नीट?"

त्या संसदेत प्रत्येक सदस्याचं एक पान असतं, संगणकावर कोणालाही उघडता येतं. त्यावर त्याने केलेली सगळी भाषणं क्रमाने लावलेली असतात. भाषण म्हणजे काय, बहुतेक वेळा एक मिनिट. दीड मिळालं तर चैन. इतक्या देशांची इतकी माणसं, प्रत्येकाला मिनिट दिलं तरी दिवस संपतो. मी सकाळचा चहा घेऊन ते पान उघडायची. तिकडे दुपार झालेली असायची. कधी सभागृह अर्धं रिकामं असायचं, आणि त्या निळ्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये माझी मुलगी उभी राहून जंगलांतल्या वणव्यांबद्दल बोलत असायची. कधी मासेमारीच्या जाळ्यांबद्दल, कधी दोन देशांच्या हद्दीवर बंद पडलेल्या रेल्वेगाडीबद्दल. तिला वणव्यांबद्दल इतकं कधी कळलं, हे मला कळलेलं नसायचं.

ती पोर्तुगीजमध्ये बोलायची. त्या पानावर भाषा निवडायची सोय होती. इंग्रजी निवडलं की दुभाषा ऐकू यायचा. दुभाषे आळीपाळीने बदलत, पण बरेचदा एकच माणूस असायचा. ब्रिटिश उच्चार, थोडा बसलेला घसा. तिचे ओठ हलायचे आणि त्याचा आवाज यायचा. मूळ भाषा निवडली की तिचा आवाज ऐकू यायचा, तिची ती वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारी पट्टी, जी थेट माझ्या आईची आहे. पण शब्द एक कळायचा नाही. आवाज हवा की अर्थ हवा? मी सारखी इकडून तिकडे जायची. मिनिट तेवढ्यात संपून जायचं. मग परत पहिल्यापासून.

शिरीष कधी बसून बघायचा नाही. मागून जाता जाता थांबायचा, कपात डोकावल्यासारखं स्क्रीनमध्ये डोकावायचा. "आज काय?" "मासे." "हं." असं म्हणून बूट घालायला जायचा.

त्या उन्हाळ्यात मात्र मासे नव्हते. गॅस होता.

अमेरिकेतला गॅस थंड करून, द्रव करून, जहाजांत भरून युरोपात जातो. टेक्सासच्या किनाऱ्यावर त्यासाठी केवढाली टर्मिनलं उभी राहिली, आणखी उभी राहत होती. आमच्या ओळखीतली निम्मी घरं या ना त्या प्रकारे त्यावर चालत होती. आणि त्या संसदेपुढे नियम आला होता तो असा, की आम्हाला गॅस विकायचा असेल तर तो विहिरीपासून जहाजापर्यंत वाटेत किती गळतो ते मोजून दाखवा. ऋता त्या नियमाच्या बाजूने होती, नुसती बाजूने नाही, पुढे होती. फोनवर तिने मला सांगितलं होतं. मी शिरीषला सांगितलं होतं. तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'नंतर त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

चर्चेच्या दिवशी माझा क्लास नव्हता. मी चहा घेऊन बसले. आपली ऋता करड्या जॅकेटमध्ये उभी राहिली. मी इंग्रजी लावलं. दुभाष्याचा तो बसलेला घसा बोलायला लागला:

"मी ह्यूस्टनजवळ वाढले. माझे वडील गॅसच्या पाइपलाइनवर काम करतात. लहानपणी ते संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या शर्टाला गॅसचा वास यायचा. तोच गॅस आज आपल्या बंदरात उतरतो. वाटेत तो किती हवेत गेला, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही का?"

एक अनोळखी ब्रिटिश पुरुष 'माय फादर' म्हणत होता आणि तो फादर माझ्या मागे उभा होता. शिरीष केव्हा आला ते मला कळलं नव्हतं. एका पायात बूट, एक हातात.

त्या सभागृहात अशी पद्धत आहे की बोलणं झाल्यावर दुसरा सदस्य निळं कार्ड दाखवून प्रश्न विचारू शकतो. एका वयस्कर गृहस्थाने कार्ड वर केलं. सोनेरी काड्यांचा चष्मा, छान हसरा चेहरा. म्हणाला, "सन्माननीय सदस्यांना एवढंच विचारतो, नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो हे त्यांना माहीत आहे का? घराघरांत पोचण्याआधी त्यात वास मुद्दाम मिसळावा लागतो. ज्यांना एवढंही माहीत नाही त्यांनी आमच्यासाठी गॅसचे नियम लिहावेत का?"

हशा झाला. मोठा नाही. पण इतक्या भाषांच्या माणसांनी एकाच वेळी हसायला दुभाष्याची गरज पडत नाही, हे मला त्या सकाळी कळलं.

ऋताला उत्तराला अर्धं मिनिट होतं. ती म्हणाली, "मी माझ्या वडिलांबद्दल बोलत होते." मग ती थांबली, आणि खाली बसली. उरलेला वेळ तसाच गेला.

"मिथेनला वास नसतो," शिरीष माझ्या मागे म्हणाला. हळू. मग दुसरा बूट घालून तो कामावर गेला. गाडी बाहेर काढताना त्याने कचऱ्याच्या डब्याला धक्का मारला. डबा आडवा झाला, तो थांबला नाही.

त्या अर्ध्या मिनिटाचा तुकडा संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कोणी हसण्याचं चित्र टाकलं आणि लगेच काढलं. शिरीषच्या ऑफिसात एका तरुण इंजिनिअरने जाता जाता आपल्या शर्टाची कॉलर नाकाशी नेली म्हणे. शिरीषने हे मला सांगितलं तेव्हा तो सिंकपाशी पाठमोरा उभा होता. "बॉस काय म्हणाला?" "काही नाही." "मग?" "काही नाही म्हणाला, हेच तर." तो ग्लास धुऊन झाल्यावर परत धुवायला लागला.

ऋताचा फोन आला तो माझ्याकडे.

"आई, बाबा माझा कॉल घेत नाहीये."

"घेईल. वेळ दे."

"आय हॅड वन मिनिट, आई. इतके लोक टेक्निकल बोलले, कोणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, खरं काहीतरी सांगावं. माझ्या घरातलं."

"त्याला विचारायचंस तरी."

"काय विचारणार? बाबा, तुझा शर्ट वापरू का?"

मला हसू आलं, तिलाही आलं. तिच्या खिडकीतून ट्रामची घंटा ऐकू आली. माझ्या इथे एसी सुरू झाला.

मग तो महिना. आता आठवलं तरी पाय शिवशिवतात. दुपारी क्लास संपला की मी घरी न येता हायवेवर गाडी घालायची. कुठे जायचं नसायचं. रस्त्याकडेच्या भाताच्या शेतांपर्यंत, कधी थेट किनाऱ्याच्या दिशेने, जिथे क्षितिजावर टर्मिनलच्या पांढऱ्या टाक्या आणि क्रेन दिसायला लागतात तिथपर्यंत. डांबरावर पाण्यासारखं काहीतरी तरळायचं. मी मनात उत्तरं द्यायची त्या सोनेरी चष्म्याच्या माणसाला, मराठीत, इंग्रजीत, चांगली खणखणीत. मग तितक्याच जोरात मी ऋताशी भांडायची: अगं, त्याची नोकरी आहे अजून. मग शिरीषशी: अरे, पोरगी आहे तुझी, तिने जगापुढे उभं राहून तुझं नाव काढलं, बदनामी थोडीच केली. तिघांचीही बाजू मला पटायची आणि तिघांचाही राग यायचा. गणितात असं होत नाही. समीकरणाला एकाहून जास्त उत्तरं असली तरी ती एकमेकांवर रुसत नाहीत.

घरात जेवताना आम्ही कोथिंबिरीबद्दल बोलायचो. यावर्षी कोथिंबीर जळली. हो, ऊन फार आहे.

त्याच सुमारास एका मित्राच्या मुलीची ग्रॅज्युएशन पार्टी होती, क्लबहाउसमध्ये. पावभाजी, मँगो लस्सी, भिंतीवर मुलीचे फोटो. प्रसाद भेटला. चाळिशीचा मुलगा, मूळचा पुण्याचा, टर्मिनलच्या कामावर इंजिनिअर. त्याचं आणि त्याच्या बायकोचं, नीताचं, नवं घर आमच्याच सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, झालं होतं. प्रसाद ऋतापेक्षा थोडाच मोठा, आमच्या घरी कितीदा जेवलेला. त्याने मला लस्सीचा ग्लास आणून दिला आणि ग्लास सोडलाच नाही.

"काकू, राग मानू नका. ऋताला सांगा ना जरा."

"काय सांगू?"

"हे सगळं तिकडे बसून बोलायला सोपं आहे. आमच्या टर्मिनलचं फेज टू युरोपच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे. उद्या तिकडच्या बायरने कॅन्सल केलं तर? माझा व्हिसा या जॉबवर आहे, काकू. मुलं शाळेत आहेत."

मी म्हटलं, "प्रसाद, ती मोजा म्हणतेय. बंद करा नाही म्हणत."

"मोजायला लागले की बंदच करायला लागतील," तो म्हणाला. मग त्याने ग्लास सोडला, आणि ओशाळून हसला. "भाजी घ्या ना, काकू. छान झालीय."

नीता लांब उभी होती. एरवी धावत येऊन पाठीवर हात ठेवणारी मुलगी. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली. शिरीष पार्टीला आलाच नव्हता. डोकं दुखतंय म्हणाला होता. मी घरी आले तर तो गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन पूर्ण सुटं करून बसला होता. मशीनला काही झालं नव्हतं.

आणि मग वादळ आलं. फार मोठं नाही, टीव्हीवाल्यांच्या मानाने. पण रात्रभर घराने कण्हल्यासारखा आवाज केला, आणि सकाळी उजाडलं तेव्हा शेजाऱ्यांचा ओक आमच्या कुंपणावर आडवा होता आणि सगळ्या वस्तीची वीज गेली होती. एसीच्या त्या सततच्या घरघरीची इतकी सवय झालेली असते की ती थांबली की कानात काहीतरी ओतल्यासारखं वाटतं. शांतता नाही, बहिरेपण. घरात बसवेना. शिरीषने गॅरेजचं दार वर ओढलं, घडीची खुर्ची टाकली आणि चेन सॉ साफ करायला घेतला. मी कोपऱ्यातल्या खोक्यांवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. माझा फोन पहाटेच गेला होता. त्याचा गाडीत चार्ज होऊन समोर टेबलावर पडला होता.

तो वाजला. ऋताचं नाव.

शिरीषने बघितलं. हात तेलकट होते. त्याने कोपराने बटण दाबलं, स्पीकरवर.

"बाबा? बाबा, आई कुठेय? तिचा फोन लागतच नाहीये!"

"आहे इथेच. बॅटरी गेली तिची."

"आर यू गाइज ओके?"

"झाड पडलंय. शेजाऱ्यांचं. कुंपण गेलं आपलं."

"ओके. ओके. थँक गॉड." मागे कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला. "बाबा, आय ॲम सॉरी. तुला विचारायला हवं होतं मी."

शिरीष चेनचे दात पुसत राहिला. मी वारा घ्यायची थांबले.

"तो वास लूब ऑइलचा होता," तो म्हणाला.

"काय?"

"कॉम्प्रेसरचं लूब ऑइल, वंगणाचं तेल. तापलं की वास सुटतो त्याला. कपड्यांत बसतो, धुतला तरी जात नाही. तो यायचा माझ्या शर्टाला. गॅस नाही."

"मला तो आवडायचा," ऋता म्हणाली. "मी लहान असताना तुझ्या खांद्यावर नाक ठेवायचे ना, ते त्यासाठीच."

शिरीषने चेन उलटी करून दुसरी बाजू पुसायला घेतली. मग एकदम म्हणाला, "आणि त्या माणसाला सांगायचंस ना. वास नाही म्हणूनच मोजावं लागतं! वास असता तर मीटर कशाला, नाक पुरलं असतं. एवढं सोपं उत्तर होतं."

"सुचलं नाही, बाबा. सगळे हसत होते."

त्याने फडकं खाली ठेवलं. "कोण कोण हसत होते?"

हा आवाज मी ओळखला. ती तिसरीत असताना बसमध्ये कोणीतरी तिच्या डब्याला नाक मुरडलं होतं, तेव्हा त्याने असंच विचारलं होतं. आता समोर कितीतरी देशांचे खासदार होते, आणि गॅरेजमध्ये बनियनवर बसलेला माझा नवरा त्यांची नावं विचारत होता. ऋता हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "बाबा, इट्स ओके. इट्स पॉलिटिक्स."

"हे बघ," तो म्हणाला, "मी तुझ्या कायद्याच्या बाजूने नाही. मी वाचलाय तो."

मी चमकून बघितलं. कधी वाचला याने?

"ज्यांनी आयुष्यात कॉम्प्रेसर बघितला नाही अशांनी लिहिलाय. वर्षातून एकदा मोजा म्हणे. एकदा मोजून काय कळतं? गॅस अडवणारं सील एका दिवसात जातं."

"मग सांग ना मला," ऋता म्हणाली. "कोणी सांगतच नाही असं. जे येतात ते विकायला येतात."

त्याने सांगायला सुरुवात केली. सील म्हणजे काय, व्हॉल्व्ह कसे थकतात, टाकीचं वरचं झाकण नीट न बसलेलं कसं कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही तेलकट हातांनी तो हवेत कॉम्प्रेसर दाखवत होता, तिला दिसत नाहीये हे विसरून. घामाच्या धारा लागल्या होत्या. तिकडून ती मधूनच "थांब, परत सांग" म्हणत होती. गल्लीत कोणाची तरी करवत सुरू झाली तेव्हा त्याने फोन उचलून कानाला लावला, आणि बोलत बोलत पडलेल्या कुंपणापलीकडे निघून गेला. फोन तेलाने माखला तो कायमचा.

माझी तगमग तिथे संपायला हवी होती. नाही संपली. ती दोघं बोलायला लागली, तर मला वाटायला लागलं, आता हा अडचणीत येणार. मी त्याला एकदा विचारलं, "तू तिला सांगतोस ते चालतं का तुमच्या ऑफिसात?" तो म्हणाला, "पुस्तकात आहे ते सांगतो. पुस्तक कोणी वाचत नाही, त्याला मी काय करू?" ते खरंही होतं. तरी रोज त्याची गाडी वळणावर दिसेपर्यंत मी खिडकीपाशी असायची.

शेवटच्या चर्चेच्या दिवशी ऋता परत उभी राहिली. या वेळी शिरीष खुर्ची ओढून बसला होता. ती म्हणाली, मागच्या वेळी मी चुकीचं बोलले, गॅसला वास नसतो, माझ्या वडिलांनी मला दुरुस्त केलं. ते पाइपलाइनचे इंजिनिअर आहेत आणि या मसुद्याच्या विरोधात आहेत. या वेळी सभागृह हसलं ते वेगळं. मग तिने मोजणीच्या कलमात काय ढिलं आहे ते सांगितलं, आणि वेळ संपायच्या आत खाली बसली. सोनेरी चष्म्याच्या गृहस्थाने कार्ड वर केलं नाही. तो खाली बघून काहीतरी लिहीत होता.

मी शिरीषकडे बघितलं. "सील म्हणाली का ती?" त्याने विचारलं. "हो." "बरोबर म्हणाली?" "मला काय माहीत!" मग त्याने ते परत लावायला सांगितलं.

नियम मंजूर झाला. तिच्या दुरुस्त्यांमधल्या काही घेतल्या, काही गाळल्या. विकणाऱ्यांना बऱ्याच वर्षांची सवलत मिळाली. कोणाला फार आनंद झाला नाही, आणि बहुधा असंच होत असावं. प्रसादचं टर्मिनल बंद पडलं नाही. पण त्या अनिश्चिततेत काम काही महिने रेंगाळलं, आणि त्याला लुइझियानातल्या साइटवर पाठवलं. दर शुक्रवारी तो इतका लांब ड्राइव्ह करून घरी यायचा. नीता मुलांना घेऊन एकटी. मी एकदा डबा घेऊन गेले. तिने डबा घेतला, "थँक्यू काकू" म्हणाली, आत या म्हणाली नाही. आता प्रसाद परत आलाय, आमचं येणं-जाणंही सुरू झालंय. तरी गॅसचा विषय निघाला की ती उठून पाणी आणायला जाते. मला तिला चूक म्हणता येत नाही. ऋतालाही नाही.

पुढच्या निवडणुकीत ऋता पडली. थोडक्यात. फोनवर म्हणाली, "आय ॲम फाइन, आई," आणि मग बराच वेळ तिच्या तान्ह्या लेकीच्या दात येण्याबद्दल बोलली. आता ती पोर्तुगालमधल्या एका बंदराच्या गावात वकिली करते. तो नियम सैल करायची भाषा आता त्या संसदेत सुरू झालीय, ती बाहेरून बघते. आणि मी सकाळचा चहा घेऊन बसते, तर समोर उघडायला काही नसतं.

शिरीष रिटायर झाला. मला वाटलं होतं, आता तो घरी बसेल आणि मी निवांत होईन. तो घरी बसला, आणि दिवसभर वर्तमानपत्रातले कुठले कुठले कोपरे वाचायला लागला. त्यातूनच त्याला या वसंतात कळलं, की आमच्यापासून दीडेक तासावरच्या एका गावाजवळ नवं कॉम्प्रेसर स्टेशन होणार आहे आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवलीय.

"जाऊन येऊ," तो म्हणाला.

"कशाला?"

"ऐकायला."

सभा शाळेच्या जिममध्ये होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली लांब टेबल, त्यामागे बसलेले अधिकारी, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर गावची माणसं. शेतकरी टोप्या घातलेले म्हातारे, कडेवर बाळ घेतलेल्या बाया. आमच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. लोक एकेक करून माइकवर जात होते. कोणी म्हणत होतं नोकऱ्या हव्यात, कोणी म्हणत होतं आवाज सहन होणार नाही. शिरीष ऐकत होता. मी त्याच्या गुडघ्याकडे बघत होते. गुडघा हलत होता.

मग टेबलामागच्या बाईंनी त्याचं नाव घेतलं, पार मोडून-तोडून. मला न सांगता त्याने येतानाच दाराशी नाव दिलं होतं.

शिरीष माइकपाशी गेला. इतक्या वर्षांत मी त्याला चार माणसांपुढे बोलताना ऐकलेलं नाही. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तो "जेवून घ्या" एवढंच म्हणाला होता. त्याने माइक खाली ओढला, खाकरला, आणि त्याच्या त्या सांगलीच्या इंग्रजीत बोलायला लागला. म्हणाला, मी असले कॉम्प्रेसर आयुष्यभर बसवले. चांगली यंत्रं आहेत. ती गळतात. सगळीच गळतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बांधू नका असं मी म्हणत नाही. फक्त यांना विचारा, किती वेळा मोजणार, आणि आकडे तुम्हाला दाखवणार का.



तो थांबला. मला वाटलं, झालं. पण तो तसाच उभा राहिला, माइकची दांडी धरून. मग म्हणाला, "माझ्या मुलीने हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं. मला न येणाऱ्या भाषेत."

आणि परत येऊन बसायच्या ऐवजी तो थेट दाराबाहेर गेला, हवा खायला.

टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाला तरी विचारत होतं, हा कोण माणूस. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे. केव्हा उठले होते कोण जाणे.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्हालाही बोलायचंय का?"

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने मला वाट द्यायला पाय बाजूला घेतले. मांडीवरचं तिचं बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं. काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं, कुठल्या भाषेत सुरुवात करायची तेही नाही.

"हो," मी म्हटलं, आणि माइककडे निघाले.